कुलूप दिसलं म्हणजे कार्ड सुरक्षित?

‘साइटला एसएसएल घेतलंय, पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय, आता ग्राहकांचे कार्ड नंबर बिनधास्त घ्या.’ छोट्या व्यावसायिकांना हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

एसएसएलमुळे साइटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो आणि माहिती सांकेतिक रूपात जाते. पण एचटीटीपीएस फक्त वाट सांभाळतं. ग्राहकाच्या ब्राउझरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत जाताना माहिती मध्येच कोणाला वाचता येत नाही, इतकंच. सर्व्हरवर पोहोचल्यावर ती उलगडते. मग तुमची साइट तो नंबर डेटाबेसमध्ये साधा लिहून ठेवते, की ऑर्डरच्या ईमेलमधून तुम्हाला पाठवते (हो, असे फॉर्म अजूनही सापडतात!), याच्याशी कुलपाला देणंघेणं नाही. कुलूप दिसण्यासाठी लागणारं एसएसएल प्रमाणपत्र फसव्या साइटलाही फुकटात मिळतं. कुलूप म्हणजे साइट विश्वासार्ह, हा गैरसमज इतका पक्का होता की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

कार्ड कंपन्यांचा पीसीआय डीएसएस हा नियमसंच २००४ पासून आहे आणि तो छोट्या दुकानालाही लागू होतो. त्यातला एक नियम तर अगदी ठाम: व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने सीव्हीव्ही (कार्डवरचा छोटा सुरक्षा कोड) साठवायचा नाही, एन्क्रिप्ट म्हणजे सांकेतिक करूनसुद्धा नाही.

माझं मत विचाराल तर नंबर हाताळूच नका. ग्राहकाला पेमेंट गेटवेच्या, म्हणजे तुमच्या वतीने कार्डचे पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, पानावर पाठवा. तिथे कार्ड भरलं जातं, तुमच्याकडे येतं ते फक्त टोकन, म्हणजे कार्ड नंबरऐवजी वापरायचा संकेत. ते चोरीला गेलं तरी त्यावरून कार्ड नंबर काढता येत नाही. मात्र साइट आणि प्लगइन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवावीच लागतात, नाहीतर घुसखोर तुमच्या साइटवरचं ‘पैसे भरा’ बटणच खोट्या पानाकडे वळवू शकतो.