हुदैबियाचा तह कसा मोडला, जाब कसा विचारला गेला

जानेवारी ६३० मध्ये पैगंबर मुहंमद सुमारे दहा हजारांची फौज घेऊन मक्केच्या वेशीवर आले आणि फारसा रक्तपात न होता शहर त्यांच्या हाती आले, हे बहुतेकांनी वाचलेले असते. फौज मदिनेहून निघाली कशासाठी, हा भाग मात्र ‘मक्केच्या कुरैश टोळीने हुदैबियाचा तह मोडला’ एवढ्यावर उरकला जातो. ते अन्यायाचे आहे. तो तह पाळताना काय सोसावे लागले आणि मोडल्यावर कुणाकुणाला जाब द्यावा लागला, हे पाहिल्याशिवाय मक्केतल्या माफीचे मोल कळत नाही.

त्या काळच्या हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या पश्चिम अरबस्तानात, राजा नव्हता, न्यायालय नव्हते. माणसाच्या जिवाला संरक्षण होते ते त्याच्या टोळीचे. खून झाला तर बदला घ्यायचा किंवा रक्तमूल्य घ्यायचे, तेही बहुधा उंटांच्या रूपात. दुबळ्या टोळ्या बलवान टोळीशी शपथेने बांधून घेत. अशा शपथेमागे दिलेल्या शब्दाखेरीज दुसरी हमी नसे.

६२८ साली मुहंमद सुमारे चौदाशे अनुयायांसह उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करायला निघाले. मक्केच्या कुरैशांनी त्यांना शहराबाहेर, हुदैबियाला अडवले. कुरैशांतर्फे सुहैल इब्न अम्र बोलणी करायला आला. तहनामा मुहंमदांचे चुलतभाऊ आणि जावई अली लिहीत होते. ‘अल्लाहचे प्रेषित मुहंमद’ या शब्दांना सुहैलने हरकत घेतली: तुम्ही प्रेषित आहात हे मान्य असते तर तुमच्याशी लढलो कशाला असतो? शेवटी ‘अब्दुल्लाहचे पुत्र मुहंमद’ असे लिहिले गेले. दहा वर्षे लढाई बंद. या वर्षी परत जायचे, पुढल्या वर्षी तीन दिवसांसाठी यायचे. ज्या टोळीला ज्या बाजूने यायचे असेल तिने यावे. त्याप्रमाणे खुजाआ टोळीचे लोक मुहंमदांच्या बाजूने आले आणि त्यांचे जुने वैरी, बनू बक्र टोळीचे लोक, कुरैशांच्या. एक कलम उघडच एकतर्फी होते. पालकाच्या परवानगीवाचून मक्केहून मदिनेला पळून येणाऱ्याला परत पाठवायचे, मदिनेहून मक्केला जाणाऱ्याला मात्र नाही.

बोलणी आटोपत होती तेवढ्यात खुद्द सुहैलचा मुलगा अबू जंदल पायांतल्या बेड्या ओढत तिथे पोहोचला. त्याने इस्लाम स्वीकारला म्हणून बापाने त्याला कोंडून ठेवले होते. सुहैल म्हणाला, कलमाचा पहिला माणूस हाच, याला परत द्या. मुहंमदांनी आधी त्याला सोडावे म्हणून विनवून पाहिले. सुहैल बधला नाही, तेव्हा मुलगा बापाच्या हवाली झाला. तो ओरडून विचारत होता, मला पुन्हा त्यांच्या छळात लोटता का? मुहंमदांचे निकटचे सहकारी उमर संतापले: आपण सत्यावर आहोत ना, मग हा कमीपणा कशाला? मला हा प्रसंग साऱ्या तहाचा कस वाटतो. शब्द पाळण्याची किंमत त्या क्षणी एका तरुणाने मोजली.

पुढे तेच कलम कुरैशांच्या अंगलट आले. याच कलमाप्रमाणे मदिनेहून परत पाठवलेल्या अबू बसीरने वाटेत एका पहारेकऱ्याला मारले आणि समुद्रकाठच्या मार्गावर ठाण मांडले. त्याच्यासारखे आणखी लोक त्याला मिळाले आणि मक्केचे व्यापारी तांडे लुटले जाऊ लागले. अखेर कुरैशांनीच निरोप पाठवला, यांना मदिनेत ठेवून घ्या. पळून आलेल्या मुस्लिम स्त्रियांना परत पाठवू नये, त्यांच्या पतींनी लग्नात दिलेली रक्कम, म्हणजे मेहेर, मात्र परत करावा, असा निर्णय कुराणाच्या साठाव्या अध्यायात आहे.

तहाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच बनू बक्रांनी वतीर नावाच्या पाणवठ्यावर रात्री खुजाआंवर हल्ला केला. कुरैशांनी त्यांना शस्त्रे पुरवली आणि त्यांच्यातले काही जण अंधारात लढायलाही गेले. खुजाआ मक्केच्या पवित्र हद्दीत धावले, तिथेही पाठलाग थांबला नाही. त्यांचा अम्र इब्न सालिम मदिनेच्या मशिदीत उभा राहिला आणि शपथेची आठवण देणारे काव्य त्याने सर्वांसमोर म्हटले. मदत मिळेल, असे त्याला तिथेच सांगण्यात आले.

कुरैशांना चूक लगेच उमगली. त्यांचा पुढारी अबू सुफियान तह पक्का करून घ्यायला मदिनेला गेला. त्याची मुलगी उम्मे हबीबा मुहंमदांची पत्नी होती. बाप बसायला लागताच तिने पैगंबरांचे अंथरूण गुंडाळून बाजूला केले. अबू बक्र, उमर, अली, कुणीच मध्यस्थी केली नाही.

मक्का पडल्यावर आम माफी दिली गेली. मोजक्या काही जणांची नावे तिच्यातून वगळली होती, पण त्यांतल्याही कित्येकांना पुढे अभय मिळाले. वतीरच्या हल्ल्याशी ज्यांची नावे जोडली जातात ते सुहैल, सफवान, इक्रिमा हे कुरैशांचे पुढारी सगळे जगले. आता पारडे फिरले होते. खुजाआंनी जुन्या वैरातून हुझैल टोळीचा एक माणूस शहरातच मारला. ज्यांच्यासाठी ही मोहीम निघाली त्यांनाच मुहंमदांनी बजावले, आता हत्या पुरे. त्या माणसाचे रक्तमूल्य त्यांनी स्वतः देऊ केले.

थोड्याच दिवसांत मुहंमदांचे सेनापती खालिद इब्न वलीद यांनी बनू जझीमा टोळीच्या लोकांना शस्त्रे खाली ठेवायला लावून त्यांतल्या काहींना ठार केले. ‘खालिदने जे केले त्यापासून मी मुक्त आहे,’ असे मुहंमद हात वर करून देवाला म्हणाले आणि अलींना पैसे देऊन त्या टोळीकडे धाडले. अलींनी प्रत्येक खुनाची आणि नुकसानीची भरपाई केली, अगदी कुत्र्याच्या लाकडी भांड्याचीसुद्धा. उरलेली रक्कमही, काही राहून गेले असेल तर, म्हणून देऊन टाकली. खालिद यांचे सेनापतिपद मात्र गेले नाही.

इथे बनू कुरैझाचे नाव टाळू नये. ६२७ मध्ये, कुरैश आणि त्यांच्या मित्रांनी मदिनेला वेढा घातला त्या खंदकाच्या लढाईत, करार मोडून शत्रूशी संधान बांधल्याच्या आरोपावरून मदिनेच्या या ज्यू टोळीला वेढा पडला. निवाडा मदिनेच्या औस टोळीचे सरदार साद इब्न मुआझ यांच्यावर सोपवला गेला आणि त्यांनी पुरुषांना मृत्युदंड, बायकामुलांना गुलामी सुनावली. पैगंबरांचे आठव्या शतकातले चरित्रकार इब्न इसहाक मृतांचा आकडा सहाशे ते नऊशेच्या दरम्यान देतात. हे वृत्तांत घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिले गेले आणि आधुनिक अभ्यासकांत आकड्यावरून व तपशिलांवरून वाद आहेत. ती शिक्षा त्या काळच्या युद्धरीतीत बसत होती असे म्हटले, तरी मक्केला मिळालेली माफी कुरैझाला मिळाली नाही, हे उरतेच.

६३१ मध्ये बहुदेवपूजक टोळ्यांशी झालेले करार संपल्याची घोषणा हजच्या गर्दीत अलींनी वाचून दाखवली आणि चार महिन्यांची मुदत दिली. नवव्या अध्यायाच्या चौथ्या आयतीत त्याला अपवाद आहे: ज्यांनी करारात काही कसूर केली नाही आणि तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांच्याशी ठरलेल्या मुदतीपर्यंत करार पाळा.