सेनो : छाती, सायनस आणि धनुष्याची दोरी

स्पेनमधील शाळकरी विद्यार्थी त्रिकोणमितीच्या वहीत 'सेन' असे लिहितो, पण गणकयंत्रावर त्याला 'सिन' ही अक्षरे असलेली कळ दाबावी लागते. स्पॅनिशमध्ये 'सिन' म्हणजे 'विना', हा भाग वेगळा. 'सेन' हे 'सेनो' या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. काटकोन त्रिकोणात कोनासमोरील बाजू आणि कर्ण यांच्या गुणोत्तराला, म्हणजे आपल्या 'साइन'ला, स्पॅनिश माणूस 'सेनो' म्हणतो. स्तनालाही तो 'सेनो'च म्हणतो, आणि कपाळाच्या व गालांच्या हाडांत असलेल्या, सर्दीत ठणकणाऱ्या हवेच्या पोकळ्यांनाही 'सेनो'च.

साइनच्या आलेखाची वळणे पाहून हे नाव आकारावरून पडले असावे, असे कोणालाही वाटेल. पण हे नाव बाराव्या शतकातले आहे, आणि असे आलेख काढण्याची पद्धत त्यानंतर कित्येक शतकांनी आली. खरे कारण एका शब्दाच्या लेखनात दडलेले आहे.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीया'त वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे त्या धनुष्याची दोरी, अर्थात 'ज्या' किंवा 'जीवा', अशी कल्पना आहे. गणिताला या दोरीचा अर्धा भागच अधिक उपयोगी पडतो. त्याला 'अर्धज्या' म्हणत आणि पुढे नुसते 'ज्या'. ही ज्या त्रिज्येने भागली की आपला 'साइन' मिळतो. आर्यभटाने त्रिज्या ३४३८ घेतली आणि ३ अंश ४५ कलांच्या (६० कला म्हणजे एक अंश) अंतराने २४ ज्या दिल्या. त्याने ज्यांऐवजी त्यांच्यातील फरक सांगितले आहेत : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ आणि पुढे. या पहिल्या आठांची बेरीज १७१९ भरते, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर निम्मी. आठवी ज्या ३० अंशांची असते आणि साइन ३० अंश म्हणजे एक द्वितीयांश, हे आपण शाळेत पाठ केलेले असतेच.

हे गणित अरबीत गेले तेव्हा 'जीवा'चे 'जीबा' झाले. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरली ती ज-य-ब ही तीन अक्षरे. 'जीबा' हा शब्द अरबीत निरर्थक होता, पण हीच अक्षरे 'जैब' अशी वाचली की त्यांना अर्थ येई : अंगरख्याची गळ्याजवळची उघडी जागा, छातीशी येणारा कपड्याचा घोळ, खिसा. हिंदीतला 'जेब' तो हाच.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली, तेव्हा 'जैब'साठी 'सिनुस' हा शब्द योजला गेला. त्याचेही अर्थ घडी, खाडी, कुशी आणि छाती असेच होते. याला भाषांतरकाराची घोडचूक म्हणण्याची प्रथा आहे, पण मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. समोर 'जैब' हाच शब्द असेल, तर 'सिनुस'इतका नेमका प्रतिशब्द दुसरा कोणता? त्या काळी टोलेडोत अनुवादाचे प्रचंड काम करणारा जेरार्ड सुमारे १११४ साली जन्मला, आणि भास्कराचार्यांचे जन्मवर्षही १११४ हेच आहे. इकडे सह्याद्रीच्या परिसरात 'सिद्धान्तशिरोमणी'त ज्या कशा काढाव्यात ते लिहिले जात होते, तर तिकडे तीच ज्या नवे नाव घेत होती.

'सिनुस'चे स्पॅनिश रूप 'सेनो'. आजच्या स्पॅनिश कोशातही कपडा आणि छाती यांमधली जागा हा त्याचा एक अर्थ दिलेला असतो. वर्तुळाच्या कंसाला मात्र स्पॅनिशमध्ये अजून 'आर्को', म्हणजे धनुष्य, आणि पूर्ण जीवेला 'कुएर्दा', म्हणजे दोरी, असेच म्हणतात. छातीकडे वळली ती फक्त अर्धी दोरी. अरबीतही साइन आजही 'जैब'च आहे आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांना 'नाकाचे खिसे' म्हणतात.

मराठी माध्यमाचा दहावीचा विद्यार्थी वर्तुळाच्या प्रकरणात 'जीवा' लिहितो, त्रिकोणमितीच्या प्रकरणात 'साइन' लिहितो, आणि सर्दी झाली की त्याला सायनसचा त्रास होतो.