वीज काढलेलं पाणी पिकाला निकस?

‘धरणाच्या पाण्यातून वीज काढली की त्यातली ताकद जाते, मग ते पिकाला लागत नाही,’ हा समज जुना आहे. शेतकऱ्याला पाण्याची काळजी असणारच. पण टर्बाइन फिरतं ते पाण्याच्या उंचीमुळे आलेल्या दाबावर. खर्च होतो तो दाब. पाणी आणि त्यातले क्षार तसेच राहतात. गाळ मात्र जलाशयात बसतो, तोही वीजघर नसलं तरी.

कॅनडाच्या कोरड्या सस्कॅचवानमध्ये १९६७ साली पूर्ण झालेल्या गार्डिनर धरणाच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पुन्हा नदीतच जातं, आणि खाली सस्कटून शहर तेच पितं.

खात्री हवी? वीजघराच्या वरचं आणि खालचं पाणी एकाच दिवशी बाटल्यांत भरा, माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते) आणि क्षारता बघा. दोन कुंड्यांत मेथी पेरून वेगवेगळं पाणी घाला.