बेटावरच्या साथीचे पहिले सात दिवस

1846 च्या 20 मार्चला कोपनहेगनहून निघालेला एक सुतार 28 तारखेला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर उतरला. प्रवासात तो ठणठणीत होता. निघण्याआधी मात्र तो गोवराच्या रुग्णांना भेटून आला होता, आणि उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यालाही गोवर निघाला. पुढच्या काही महिन्यांत बेटांवरच्या 7,782 लोकांपैकी सुमारे 6,000 जण आजारी पडले. डेन्मार्कच्या सरकारने तिकडे पाठवलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरने गावोगाव फिरून कोण कोणाला कधी भेटलं आणि पुरळ कधी उठलं, याच्या तारखा गोळा केल्या. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. लागण झाल्यापासून पुरळ उठायला 13 ते 14 दिवस लागतात. आणि ज्या म्हाताऱ्यांना 1781 च्या साथीत गोवर होऊन गेला होता, त्यांतल्या एकालाही 65 वर्षांनंतर तो पुन्हा झाला नाही.

लहान बेटावरच्या साथीचं बरंचसं गणित या दोन निष्कर्षांत आलं.

गोवराच्या विषाणूला सतत नवी, प्रतिकारशक्ती नसलेली माणसं लागतात. लस येण्याआधीच्या काळातल्या बेटांच्या नोंदी संशोधक फ्रान्सिस ब्लॅक यांनी 1966 मध्ये तपासल्या. सुमारे 5 लाखांपेक्षा कमी वस्तीच्या बेटांवर गोवर कायम टिकत नाही, असं त्यांना दिसलं. तो येतो, सापडतील तेवढ्यांना गाठतो आणि संपतो. मग कित्येक वर्षं तो फिरकत नाही, आणि तेवढ्या काळात जन्मलेली सगळी मुलं त्याच्या दृष्टीने कोरी राहतात. पुढची बोट त्याला घेऊन येते, तेव्हा तो या सगळ्यांना एकदमच गाठतो.

बेटावरचा खरा धोका हा ‘एकदम’ आहे. मोठ्या शहरात घरातलं एक मूल आजारी पडलं, तरी बाकीचं घर उभं असतं. बेटावर आई, वडील, नर्स, बोट चालवणारा आणि जनरेटर सांभाळणारा असे सगळे एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळू शकतात. 1918 च्या नोव्हेंबरमध्ये ऑकलंडहून ‘टालुने’ नावाची बोट पॅसिफिकमधल्या पश्चिम सामोआतल्या आपियाला लागली आणि तिच्याबरोबर इन्फ्लुएन्झा उतरला. तिथली पाचातली एकाहून जास्त माणसं दगावली. घरंच्या घरं आडवी झाल्यावर पाणी द्यायलाही कोणी उरलं नाही, हेही त्यामागचं एक कारण होतं. म्हणून साथ हाताळताना आजाऱ्यांची एकूण संख्या कमी करण्याइतकंच महत्त्व एका वेळी आजारी असणाऱ्यांची संख्या कमी ठेवण्याला आहे.

त्याच वेळी शेजारच्या अमेरिकन सामोआत या साथीने एकही बळी गेला नाही. तिथले गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बाहेरच्या बोटींवर कडक क्वारंटाइन लावलं आणि गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पहारे दिले. दार बंद ठेवणं जमतं, याचा हा पुरावा आहे. पण ते कधी जमतं, हेही पाहायला हवं. प्रवास लागणीच्या मुदतीपेक्षा छोटा असेल, तर उतरणारा माणूस निरोगीच दिसतो. फेरोचा सुतार तसाच उतरला. धक्क्यावर ताप मोजून त्याला कोणी अडवू शकलं नसतं. त्यामुळे दिवसच मोजावे लागतात. गोवरासाठी लागणीचा सर्वांत लांब काळ धरून ही मुदत 21 दिवसांची, आणि ज्यांना आधी गोवर झाला आहे किंवा ज्यांनी लस घेतली आहे त्यांना ती लागू नाही.

क्वारंटाइन फसण्याची नेहमीची जागा म्हणजे मोठी खोली. वीस जणांना एका सभागृहात ठेवलं आणि अठराव्या दिवशी त्यांतला एक आजारी पडला, तर उरलेल्या एकोणीस जणांचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजावे लागतात. लोक वैतागतात, कोणीतरी रात्री निसटतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून कुटुंबानुसार चार-पाच जणांचे गट करावेत. त्यांचं जेवण, संडास आणि पाणी वेगळं ठेवावं. मालाच्या बोटी थांबवू नयेत. खलाशांनी माल धक्क्यावर ठेवून बोटीवर परत जायचं आणि मग बेटावरच्यांनी तो उचलायचा, एवढं पुरतं. औषधं, इंधन आणि धान्य अडलं, तर रोग न येताही हाल सुरू होतात.

प्रत्येक रोगाला दार अडवतं असंही नाही. 2007 मध्ये पॅसिफिकमधल्या याप बेटांवर डासांमुळे पसरणारा झिका आला. तीन वर्षांवरच्या जवळपास 73 टक्के रहिवाशांना लागण झाली, पण त्यांतल्या बहुतेकांना लक्षणंच नव्हती. ज्या रोगात बहुसंख्य बाधित दिसतच नाहीत, तिथे माणसं अडवून फार साधत नाही. तिथे डासांच्या मागे लागायचं. एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून पाणी साठवलेली प्रत्येक टाकी, पिंप आणि टायर आठवड्यातून एकदा कोरडा करायचा. दहा दिवसांनी केलं, तर उपयोग नाही.

आता गोवर आत आलाच आहे, असं धरू. बेटावर 1,200 माणसं आहेत आणि त्यांतल्या 500 जणांना प्रतिकारशक्ती नाही. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना लागण देतो. इथे त्याला भेटणाऱ्या दर बारा जणांत पाच जण असुरक्षित आहेत, म्हणजे तो पाच ते सात जणांना देईल. दोन आठवड्यांनी 6 नवे रुग्ण, चार आठवड्यांनी 36 आणि सहा आठवड्यांनी दोनशेच्या वर. पहिला रुग्ण शाळेतला असला किंवा नुकतंच एखादं लग्न झालेलं असलं, तर याहूनही लवकर.

रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग पसरवतो. त्यामुळे पहिलं पुरळ दिसतं, तेव्हा दुसऱ्या फेरीतल्या लोकांना लागण झालेलीच असते. ते बहुतेक आता थांबत नाहीत. मात्र ते स्वतः संसर्ग पसरवू लागतात ते पहिलं पुरळ दिसल्यानंतर साधारण सातव्या दिवसापासून. लागण झाल्यावर 72 तासांच्या आत दिलेली लसही बहुधा रोग टाळते किंवा सौम्य करते. म्हणजे तिसरी फेरी, ती 36 माणसं, वाचवायला हातात साधारण एक आठवडा असतो. मोहिमेची आखणी या आठवड्यात बसवावी लागते.

आणि हाच आठवडा प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्यात जातो. ताप, अंगभर पुरळ आणि जोडीला खोकला, वाहतं नाक किंवा लाल डोळे दिसले की तो गोवरच, असं धरून कामाला लागावं. पहिल्या पाच ते दहा रुग्णांचं रक्त घेऊन सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) वेगळं करावं आणि 2 ते 8 अंशांत पाठवावं. न वेगळं केलेलं रक्त गोठवलं, तर ते वाया जातं. बोट दोन-तीन दिवस सुटणार नसेल, तर फिल्टर पेपरवर वाळवलेले रक्ताचे थेंब बर्फाशिवायही जातात. पुरळ उठल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या नमुन्याची आयजीएम (गोवराविरुद्धची ताजी प्रतिपिंडं शोधणारी) चाचणी गोवर असूनही निगेटिव्ह येऊ शकते. अशा एका अहवालावर मोहीम थांबवणं ही घोडचूक ठरते.

नमुना गेला की त्याच दिवशी यादी करायला घ्यावी. घर, नाव, वय, लशीची नोंद, पुरळ उठल्याची तारीख, त्याआधीच्या चार दिवसांत कुठे गेला होता. हजार-बाराशेच्या वस्तीत प्रत्येक माणसाचं नाव लिहिता येतं. हे बेटाचं मोठं बळ आहे, आणि शहरातल्या कुठल्याही साथरोगतज्ज्ञाला त्याचा हेवा वाटावा.

लशीचा हिशेब असा. सहा महिन्यांपासून चाळिशीपर्यंतचे 800 जण धरले, कार्ड असो वा नसो. दहा डोसांच्या कुप्यांत थोडी लस वाया जाते, म्हणून 15 टक्के जास्त: 920 डोस, म्हणजे 92 कुप्या. तेवढंच द्रावक (लशीची भुकटी विरघळवणारा द्रव), 800 इंजेक्शनच्या सिरिंज, मिसळण्यासाठी 92 मोठ्या सिरिंज आणि शंभर सिरिंज मावणाऱ्या 9 सुरक्षा पेट्या. एक लस टोचणारी दिवसाला शंभर-सव्वाशे जणांना लस देते. तीन पथकं असली, तर तीन दिवसांत काम होतं. गरोदर बायकांना ही लस देत नाहीत. त्यांचा रुग्णाशी संपर्क आला असेल, तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना दिलेला डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरायचा नाही, त्यांना पुढचे दोन्ही डोस पुन्हा द्यायचे.

चुका होतात त्या बहुधा द्रावकाशी. गोवराची लस कोरडी भुकटी असते आणि तिच्याच उत्पादकाचं द्रावक, आदल्या दिवसापासून थंड करून, तिच्यात मिसळायचं असतं. मिसळल्यावर ती फार नाजूक होते. 37 अंशांवर तासाभरात तिचा जोर जवळपास संपतो, आणि तिच्यात जंतुनाशक नसल्याने उघडी कुपी सहा तासांनंतर टाकूनच द्यावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरणं जिवावर बेतू शकतं. जुलै 2018 मध्ये सामोआत दोन बाळं लस दिल्यावर दगावली. भुकटीत पाण्याऐवजी मुदत संपलेलं, स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं होतं. दोष लशीचा नव्हता, पण लसीकरण कित्येक महिने खोळंबलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि पहिल्या डोसचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास घसरलं. पुढच्याच वर्षी गोवर आला. सुमारे दोन लाखांच्या देशात 5,700 हून जास्त रुग्ण आणि 83 मृत्यू झाले. दगावलेल्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणूनच लशीच्या फ्रीजमध्ये दुसरं कोणतंही औषध ठेवायचं नाही, हा नियम कितीही क्षुल्लक वाटला तरी तो कटाक्षाने पाळायला हवा.

त्याच सामोआने 5 आणि 6 डिसेंबर 2019 ला सगळा देश थांबवला. ज्या घरात लस घ्यायची राहिली होती, त्यांनी दारापुढे लाल कापड लावायचं आणि पथकं तिथे जायची. आजारी मुलांना घेऊन केंद्रावर रांग लावायची गरज उरली नाही. हे फार मोलाचं, कारण लसीकरणाची रांगच लागणीची जागा होऊ शकते.

गोवराने मुलं दगावतात ती मुख्यतः न्यूमोनियाने आणि जुलाबाने. प्रत्येक रुग्ण मुलाला सलग दोन दिवस जीवनसत्त्व अ द्यावं: सहा महिन्यांखाली 50 हजार युनिट, अकरा महिन्यांपर्यंत 1 लाख, पुढे 2 लाख. जुलाबाला जलसंजीवनी. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं, तर घातक ठरतं, म्हणून चमचा नेहमी सपाटच घ्यावा.

ऑक्सिजनचं गणित साथ येण्याआधीच करून ठेवायला हवं. 7,000 लिटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला 2 लिटरच्या वेगाने एका मुलाला 58 तास पुरतो. दहा मुलं असली, तर असे दहा सिलिंडर अडीच दिवसांत संपतात आणि भरलेले सिलिंडर आणायला बोट लागते. मिनिटाला पाच लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) सुमारे 350 वॉट वीज घेतो आणि प्रवाह वाटणारं उपकरण लावलं, तर तीन-चार मुलांना चालतो. पण त्यातून येणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण 82 टक्क्यांखाली गेलं, तर यंत्र बदलावं लागतं, आणि खाऱ्या दमट हवेत ते लवकर खाली जातं. गाळण्या दर आठवड्याला धुवाव्यात. वीज जाईल त्या वेळेसाठी एक सिलिंडर भरलेला ठेवावा.

रुग्णांची देखभाल कोणी करायची, याचं उत्तर पानुमच्या म्हाताऱ्यांत आहे. ज्यांना गोवर होऊन गेला आहे, त्यांची नावं यादीत आधीच शोधून ठेवावीत. नर्स आजारी पडली, तरी पाणी देणं, ताप पाहणं आणि मुलाच्या श्वासांची मोजणी त्यांना शिकवता येते. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक श्वास भरले, तर दवाखान्यात आणायचं. छाती आत ओढली जात असेल किंवा मूल पाणीच घेत नसेल, तर आकडा न मोजता तातडीने.

शेवटच्या रुग्णाला पुरळ उठल्यापासून 42 दिवस, म्हणजे लागणीच्या सर्वांत लांब मुदतीच्या दुप्पट काळ, एकही नवा रुग्ण दिसला नाही की साथ संपली असं धरतात. यादी मात्र जपून ठेवायची असते. वर्षाला 25 बाळं जन्मणाऱ्या बेटावर लसीकरणात ढिलाई आली, तर दहा वर्षांत पुन्हा अडीचशे असुरक्षित मुलं जमतात. म्हणून प्रत्येक नवं बाळ त्याच वहीत लिहायचं, आणि सहा ते अकरा महिन्यांत डोस मिळालेल्यांच्या नावापुढे पुढच्या दोन डोसांच्या तारखा आजच मांडून ठेवायच्या.