केसपेपरवरचा 'व्यसन' रकाना आणि त्यामागची गोष्ट

"काही व्यसन?" सोलापुरातल्या कुठल्याही ओपीडीत हा प्रश्न येतो आणि उत्तर येतं, "तंबाखू" किंवा "काही नाही". आमचे काका "काही नाही" म्हणाले होते. हृदयाची झडप बदललेली, रोज रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी. महाशिवरात्रीला दोन पेले भांग झाली. चार दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचा आकडा, पाचच्या वर गेलेला. "अहो, तो महादेवाचा प्रसाद!" काका खोटं बोलत नव्हते. भांगेला व्यसन म्हणतात, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एकेकाळी भांग-गांजाचं हे झाड औषधच होतं. १८३९ मध्ये कोलकात्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरांनी धनुर्वात, कॉलरा अशा आजारांत गांजा वापरून पाहिला आणि तिथून तो विलायती औषधशास्त्रात गेला. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या भांग-गांजा चौकशी आयोगाने, ११९३ साक्षी घेतल्या. बेताच्या वापराने फारसं नुकसान नाही, अतिरेक घातक, बंदीपेक्षा नियंत्रण बरं, असा निष्कर्ष दिला. पुढे अमली पदार्थांवरचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा-चरस गुन्हा ठरले. पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली, मात्र महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं बंधन तिच्यावर आहेच. गांजावाला पोलिसांच्या भीतीने गप्प, भांगवाला प्रसाद म्हणून गप्प. डॉक्टरांपर्यंत दोघंही पोचत नाहीत.

यकृतातलं सीवायपी२सी९ हे विकर (एन्झाइम) वॉरफरिनचा निचरा करतं. गांजा-भांगेतले घटक त्याचं काम मंदावू शकतात. मग नेहमीचीच गोळी जास्तीची ठरते. काकांचं रक्त भांगेनेच वाहिलं का, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण भांगेबद्दल थेट विचारलं असतं तर तपासणी लवकर झाली असती. चिलमीच्या धुराचा परिणाम वेगळाच. त्याने दम्याच्या थिओफिलिनसारखी औषधं शरीरातून लवकर निघून जातात आणि ओढणं अचानक सुटलं की रक्तातलं प्रमाण चढतं.

नव्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांत गांजा घेणाऱ्याला बऱ्याचदा वगळतात, ते याच गुंत्यामुळे. टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक आठवडे सापडतात. २००९ पासून भारतातल्या चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे कोणाला घेणार नि कोणाला नाही, हे कुणालाही वाचता येतं. पण वगळलेल्या माणसाला तेच औषध उद्या बाजारात मिळतं आणि त्याच्या शरीरात ते कसं वागेल, हे त्या चाचणीत कुणी पाहिलेलंच नसतं. मला हे फार खुपतं.

काकांच्या फाईलवर आता त्यांच्याच अक्षरात एक ओळ आहे: 'भांग, शिवरात्रीला, दोन पेले.'