मोटार पाणी ‘ओढत’ नाही

विहिरीचं पाणी खाली गेलं की ‘५ एचपी काढा, साडेसातची बसवा, खोलवरून ओढते’ हा सल्ला हमखास मिळतो. मुळात ओढणं हा प्रकारच नाही. पंप सक्शन पाइपातला (विहिरीतून पंपापर्यंत येणाऱ्या पाइपातला) दाब फक्त कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी हवा. समुद्रसपाटीला तिची ताकद पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरएवढी, म्हणजे पाण्याचे जेमतेम १०.३ मीटर. प्रत्यक्षात हाती लागतात ६-७. व्हॅक्यूम गेजचा (सक्शन पाइपातला दाब किती घटला ते दाखवणाऱ्या मापकाचा) काटा ५०० मिलिमीटरवर असेल, तर उचल आणि घर्षण मिळून ६.८ मीटर खर्ची पडलेले असतात. त्यापुढे ताणलंत तर दाब इतका घटतो की थंड पाणीच पंपातल्या पंख्याच्या तोंडाशी उकळतं, पंप खडखडतो (आणि शिव्या बेअरिंगला!). एचपी वाढवण्यापेक्षा मोटार खाली उतरवा, नाहीतर पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल पंप घ्या.