हात बसण्याचं गणित

२०२३मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. एवढ्या मोठ्या जगात मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्या बड्या कंपन्या बोइंग आणि एअरबस या दोनच का? ‘संगनमत असणार,’ हे उत्तरही विचारणाराच देतो. मला मात्र याचं उत्तर कारखान्यातल्या कामाच्या तासांत दिसतं.

थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६मध्ये एक नियम मांडला. एकूण उत्पादन दुप्पट झालं, की दर विमानामागचे सरासरी श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात. पहिल्या विमानाचे श्रम १०० धरा. मग पहिल्या दोन विमानांची सरासरी ८०, चारांची ६४, आठांची ५१ आणि २५६ विमानांची जेमतेम १७. आपण म्हणतो ना, हात बसतो! रिव्हेट मारणाऱ्याचा हात बसतो, आराखड्यातल्या चुका निघतात, सुटे भाग वेळेवर येऊ लागतात. सूत्रात श्रम हे विमानसंख्येच्या उणे ०.३२ या घाताच्या प्रमाणात येतात. दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतले तर आलेख सरळ रेषेत उतरतो. मला हा आलेख फार सुंदर वाटतो.

पण किंमत ठरते ती पुढची सरासरी गृहीत धरून, त्यामुळे सुरुवातीची विमानं तोट्यातच जातात. पुरेशी विकली नाहीत, तर तो तोटा भरून निघत नाही.

लॉकहीड या विमानं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं नेमकं हेच झालं. तिचं ट्रायस्टार आणि मॅक्डोनेल डग्लसचं डीसी-१०, दोन्ही तीन इंजिनांची, जवळजवळ सारख्याच आकाराची, एकाच गिऱ्हाइकासाठी बनवलेली. ट्रायस्टारच्या रोल्स-रॉइस इंजिनाची कार्बन तंतूंची पाती पक्षी आदळण्याच्या चाचणीत फुटली, टायटॅनियमची करावी लागली. फेब्रुवारी १९७१मध्ये रोल्स-रॉइस दिवाळखोरीत गेली. त्यामुळे लॉकहीडही अडचणीत आली, तेव्हा अमेरिकी सिनेटने तिच्या २५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, तीही ४९ विरुद्ध ४८ मतांनी. डीसी-१० ऑगस्ट १९७१मध्ये सेवेत आलं, ट्रायस्टार एप्रिल १९७२मध्ये. ट्रायस्टारची विमानं बनली २५०. डीसी-१०ची ४४६, त्यातली ६० लष्करी. एका विमानाची बाजारपेठ दोघांत वाटली गेली. लॉकहीडने प्रवासी विमानं बनवणं सोडलं आणि मॅक्डोनेल डग्लस १९९७मध्ये बोइंगमध्ये विलीन झाली.

हवाई प्रदर्शनांतल्या मागण्यांच्या आकड्यांवर म्हणूनच हुरळून जाऊ नये. मागणी रद्द होऊ शकते आणि नुसत्या मागणीने कुणाचा हात बसत नाही. एअरबसचं अवाढव्य ए-३८० गाजावाजा करून आलं आणि २०२१मध्ये २५१ विमानांवर थांबलं. मे २०२३मध्ये चीनचं सी-९१९ प्रवासी सेवेत आलं. त्याच्या बातमीत मी मागणीचा आकडा ओलांडून पुढे जातो आणि आजवर किती विमानं कारखान्यातून बाहेर पडली, ते शोधतो.